दोनशे पानी वही

एक मेला झेंडावंदन झालं की शाळेचा निकाल. लेक तिसरीत होता त्या वर्षी बाईंनी प्रगतीपुस्तकावर लाल शाईने लिहिलं होतं, 'लेखनात फार चुका. सुट्टीत रोज दोन पाने शुद्धलेखन करून घ्यावे.' मी लगेच दोनशे पानी वही आणली. आणि दोन कशाला, चार पानं! आळीतली पोरं कैऱ्या पाडत हिंडायची आणि हा पंख्याखाली मान खाली घालून लिहीत बसायचा. मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते, पण त्या वहीपायी मी त्याला पट्टीने मारलंसुद्धा आहे. जून उजाडला, वही भरली, चुका होत्या तिथेच. समोर पुस्तक उघडं असूनही 'घर'चं 'धर' आणि 'भात'चा 'मात'.

तोंडी विचारा, सगळं येतं. आजीची गोष्ट एकदा ऐकली की पाठ. बाजारात सुट्टे पैसे माझ्या आधी मोजतो. म्हणूनच सगळे म्हणत, 'हुशार आहे हो, पण आळशी!' मलाही ते पटलं होतं. 'तारे जमीन पर' २००७मध्ये आला तेव्हा थिएटरात पदर ओला होईपर्यंत रडले होते. पण पडद्यावरचा तो ईशान आपल्याच घरात दप्तर घेऊन हिंडेल, हे कुठलं सुचायला!

सुचवलं नणंदेने. ती शिक्षिका आहे. म्हणाली, 'वहिनी, आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग याची चाचणी करू.' डोळे-कान ठणठणीत निघाले. चाचणीत कळलं, डिस्लेक्सिया. बुद्धी चांगली, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही.

आपल्याला वाटतं, मराठी काय, बोलतो तशी लिहायची. पण बघा ना, 'कि' म्हणताना तोंडात आधी क येतो, हात मात्र आधी वेलांटी काढतो. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' यांत र एकच, रूपं तीन. सदतीस म्हणताना सात आधी, लिहायचे मात्र तीन आधी. माझा लेक सरळ ७३ लिहायचा. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं, तेव्हा केवढी टिंगल झाली! मीही हसले होते. आता हसू येत नाही.

अशा मुलाला नुसतं बघून लिहायला लावणं म्हणजे चित्रं काढायला लावणं. हात दुखतो, डोक्यात काही उतरत नाही. सुट्टीत शुद्धलेखनाच्या वह्या भरून घेणं बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही आता रोज जेमतेम पंधरा मिनिटं बसतो. ताटात रवा पसरून तो बोटाने एकच अक्षर मोठ्याने म्हणत गिरवतो. रात्री मी वाचते, तो ऐकतो. बाकी दिवस त्याचा. सायकलचं पंक्चर काढायला शिकलाय, गल्लीतल्या सायकली आमच्याच दारात!

सुट्टीतलं दुसरं काम कागदपत्रांचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात. पण त्यासाठी चाचण्या, हेलपाटे, रांगा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आधीच्या एखाद्या मे महिन्यात सरकारी रुग्णालयात चौकशी करा. आमच्याकडे जाऊबाई म्हणाल्या, 'कशाला पोराला शिक्का मारून घेतेस?' अहो, शिक्का तर वर्गात कधीच बसला होता, 'ढ' म्हणून! तो पुसायलाच हा कागद.

लेक आता सातवीत जाईल. शाळा उघडायच्या आधी नव्या बाईंना भेटून येणार आहे. मागणं फार नाही. त्याला वर्गात उभं करून धडा वाचायला लावू नका, फळ्यावरचं उतरवायला थोडा वेळ द्या, आणि चाचणीत एखादं उत्तर तोंडी विचारून बघा. लेक म्हणतो, 'आई, ओरडू नकोस हं त्यांच्यावर.'