भाड्याच्या खोल्या आणि गहाण पडणारी बाग

तारकर्ली, देवबाग, वायरी या आमच्या किनाऱ्यावरील गांवीं ज्याची म्हणून माडांची बाग आहे, त्याला तींत चार खोल्या बांधून प्रवाशांस भाड्यानें द्याव्या असें हल्लीं वाटूं लागलें आहे. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि तेव्हांपासून ही इच्छा वाढतच आहे. इच्छा वाईट नाहीं. नारळ-सुपारीवर संसार भागेनासा झाला तर शेतकऱ्यानें दुसरा धंदा शोधावा हें योग्यच. परंतु नव्यानें यांत पडणारांस चार शब्द सांगावे असें वाटतें. कारण महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां असल्या प्रकरणांचे कागद माझ्या हातांखालून पुष्कळ गेले आहेत.

पहिली गोष्ट कागदांची. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नांवें असणें नवल नाहीं. त्यांतील निम्मे भाऊबंद मुंबईस. अशा सामाईक जमिनीवर एकट्यानें बांधकाम केलें तर बँक कर्ज देण्यास कचरते, आणि खोल्या चालूं लागल्या कीं गणपतीस आलेला चुलतभाऊ हिस्सा मागतो. म्हणून आधीं वाटप करावें, त्याचा फेरफार मंजूर करून घ्यावा, इतर हक्कांत कूळ किंवा बोजा आहे काय तें पाहावें, आणि मगच चिऱ्यांची गाडी मागवावी. शिवाय १९९१ पासून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यांत बांधकामावर निर्बंध आहेत. परवानगीवांचून बांधलेली खोली आज भाडें देते व उद्यां नोटीस आणते.

दुसरी गोष्ट कर्जाची. समजा, दरसाल दरशेंकडा १० व्याजानें १५ वर्षांच्या मुदतीचे २० लाख रुपये काढले. महिन्याचा हप्ता सुमारें २१,५००, म्हणजे वर्षाचे २,५८,००० रुपये झाले. चार खोल्यांस प्रत्येकीं रात्रीचे १,५०० मिळाले व वर्षांत ९० रात्री सर्व खोल्या भरल्या, तर ५,४०,००० येतील. धुलाई, वीज, नोकर, दलाली व डागडुजी यांत शेंकडा ४५ गेले तर २,९७,००० उरतात. हप्ता भरल्यावर हातीं ३९,००० राहतात. तेंच ६० रात्री भरल्या तर खर्च वजा जातां १,९८,००० उरतात, आणि ६०,००० रुपये घरांतून घालावे लागतात. नवखा मनुष्य मे महिन्यांतील व नाताळांतील गर्दी पाहून वर्षाचा हिशेब मांडतो. पावसाळ्याचे चार महिने तो विसरतो, बँक विसरत नाहीं.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझ्या सख्ख्या पुतण्यानें २०१९ सालीं बाग गहाण ठेवून खोल्या बांधल्या. २०२० सालीं टाळेबंदी आली. सहा महिने हप्ते पुढें ढकलण्याची सवलत मिळाली, पण व्याज थांबलें नाहीं. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळानें छपराचे पत्रे व सोळा माड नेले. शेवटीं बागेचा रस्त्याकडील तुकडा विकून कर्ज फेडावें लागलें. त्याला कर्ज काढण्याचा सल्ला मींच दिला होता. कागद मीं तपासले होते, हिशेब तपासला नव्हता.

मग करावें काय? माझ्या मतें जुन्या घराची एखादी खोली शिलकेंतील पैशांनीं दुरुस्त करावी, न्याहारी निवास योजनेखालीं नोंद करावी, व दोन हंगामांचा जमाखर्च स्वतःच्या हातानें लिहावा. मुंबईकर नातलगांचीं बंद घरें वाडीवाडींत आहेत. तीं रीतसर कराराने चालवावयास घेतल्यास भांडवल कमी लागतें. ज्यास बारमाही भाडें हवें, त्यानें कुडाळ, कणकवली किंवा ओरोस येथें शिक्षक व नोकरदार यांस जागा द्यावी; मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदणी केलेला असावा.

कोणी म्हणतील, धाडसावांचून लक्ष्मी नाहीं. खरें आहे, पण धाडस शिलकेवर करावें. खोल्यांचें भाडें बुडालें तरी ज्याचा हप्ता दुसऱ्या उत्पन्नांतून फिटेल, त्यानेंच कर्ज काढावें. माड लावणारा नातवाकरितां लावतो. तो एका हंगामाच्या आशेवर गहाण टाकण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, याचा विचार प्रत्येक खातेदारानें सही करण्यापूर्वीं करावा.