मैदानातून : तळाचा संघ आणि टोर्नाडो

शाळांच्या स्पर्धेत तुम्ही खेळला असालच. खेळला नसाल तर निदान घसा बसेपर्यंत ओरडायला तरी गेला असाल. तेव्हा साखळी सामने आणि बाद पद्धत यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. साखळीत आज हरलात तरी उद्याचा सामना शिल्लक असतो. बाद पद्धतीत हरलात की पिशवी भरायची आणि घर गाठायचं!

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ एक येतात. तिथे शेकडो कॉलेजांचे संघ आहेत. सगळे सगळ्यांशी खेळायला लागले तर अभ्यास कधी करणार? म्हणून दहा-बारा कॉलेजं मिळून एक गट करतात. त्याला म्हणतात कॉन्फरन्स. हिवाळाभर कॉन्फरन्समधले संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात आणि मार्च उजाडला की त्याच संघांची बाद पद्धतीची स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट. बाकीच्यांनी निवड समितीच्या तोंडाकडे बघत बसायचं.

म्हणजे बघा हं, हिवाळाभर मार खाल्लेल्या संघालाही मार्चमध्ये चार दिवसांची संधी मिळते. काहींना हे अन्यायाचं वाटतं. वर्षभर घाम गाळणाऱ्या संघाला एका वाईट संध्याकाळी बाहेर काढायचं, हा कुठला न्याय? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण ही पद्धत नसती तर आजची गोष्टही नसती.

साल 2008. अमेरिकेच्या आग्नेय भागातली साऊथईस्टर्न कॉन्फरन्स. तेव्हा तिच्यात 12 संघ होते, सहा पूर्व गटात आणि सहा पश्चिम गटात. पूर्व गटात अगदी तळाला होता जॉर्जिया विद्यापीठाचा संघ. कॉन्फरन्सच्या 16 सामन्यांत विजय फक्त 4! प्रशिक्षक डेनिस फेल्टन यांची नोकरी राहते की जाते, अशी कुजबुज चालू होती. दोन्ही गटांतल्या पहिल्या दोन संघांना पहिली फेरी माफ होती. जॉर्जियाला मात्र करंडक हवा असेल तर चार दिवसांत चार सामने जिंकायचे होते.

स्पर्धा होती अटलांटा शहरात, जॉर्जिया डोम नावाच्या प्रचंड बंदिस्त स्टेडियममध्ये. 1996 च्या ऑलिम्पिकमधलं बास्केटबॉल इथेच झालं होतं. या डोमचं छप्पर सिमेंटचं किंवा पत्र्याचं नव्हतं, ते होतं तारांवर ताणलेल्या खास कापडाचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गुरुवारी जॉर्जियाने ओल मिसला जादा वेळेत 97-95 असं हरवलं. डेव्ह ब्लिसने फळ्यावर आपटून टाकलेला चेंडू जाळीत पडला तेव्हा 0.4 सेकंद उरले होते. (ओल मिस म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ. मिसिसिपी स्टेट हा निराळाच संघ, तो पुढे येतोय. गोंधळू नका!)

शुक्रवार, 14 मार्च. रात्री अलाबामा विरुद्ध मिसिसिपी स्टेट हा सामना रंगला होता. त्यानंतर जॉर्जिया आणि केंटकी खेळणार होते. अलाबामा तीन गुणांनी मागे आणि घड्याळात सेकंदच उरलेले. मायकल रायलीने लांबून चेंडू फेकला आणि वेळ संपता संपता तो जाळीत! तीन गुण, बरोबरी, जादा वेळ. बाहेर पडायला निघालेले लोक पुन्हा खुर्च्यांवर टेकले.

जादा वेळेतली दोनएक मिनिटं उरली होती, इतक्यात डोममध्ये घरघर सुरू झाली. छपरावरून मालगाडी जातेय की काय असं वाटल्याचं अनेकांनी नंतर सांगितलं. कापडी छप्पर लाटांसारखं हलायला लागलं, वर टांगलेली अवजड यंत्रणा झुलायला लागली, वरून धूळ आणि तुकडे पडायला लागले. एका बाजूच्या भिंतीला भगदाड पडलं. खेळाडू मैदान सोडून आत पळाले.

बाहेर टोर्नाडो आला होता. आपल्या किनाऱ्यावर येतं ते चक्रीवादळ निराळं. त्याची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते आणि ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. टोर्नाडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेली वाऱ्याची अरुंद सोंड. काही मिनिटांत येते, वाटेतलं सगळं भिरकावते आणि विरून जाते. त्या रात्रीची सोंड ताशी सुमारे 210 किलोमीटर वेगाने फिरत अटलांटाच्या ऐन मध्यातून गेली. 73 मजली वेस्टिन हॉटेलच्या काचा खळाखळा खाली आल्या. शहरात एकाचा बळी गेला, अनेकजण जखमी झाले.

डोममध्ये मात्र कुणालाही गंभीर इजा झाली नाही. आता विचार करा, रायलीचा तो चेंडू कड्याला लागून बाहेर गेला असता तर? सामना तिथेच संपला असता आणि हजारो माणसं त्याच वेळी रस्त्यावर असती, काचांच्या पावसात. थोडा वेळ थांबून सामना पुरा केला गेला आणि अलाबामा तो 69-67 असा हरला, ही गोष्ट वेगळी.

जॉर्जिया-केंटकी सामना त्या रात्री झालाच नाही. डोम वापरणं धोक्याचं होतं, म्हणून उरलेली स्पर्धा नेली जॉर्जिया टेकच्या छोट्या स्टेडियममध्ये. जॉर्जिया टेक म्हणजे जॉर्जियाचे जुने हाडवैरी! त्यांच्याच घरात खेळायचं, तेही जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर. खेळाडूंचे घरचे, संघांची माणसं आणि पत्रकार एवढ्यांनाच आत सोडलं. तिकिटं काढलेले लोक बाहेरच राहिले.

आणि शनिवारी जॉर्जियाला एकाच दिवसात दोन सामने! दुपारी केंटकी. पुन्हा जादा वेळ, पुन्हा बरोबरी. शेवटी झॅक स्वान्सी या पहिल्या वर्षाच्या पोराने बास्केटकडे पाठ असताना गर्रकन वळून तीन गुणांचा चेंडू टाकला. वेळ संपतच आली होती. 60-56! काही तासांची विश्रांती, आणि संध्याकाळी मिसिसिपी स्टेटवर 64-60. पायांचे तुकडे पडले असणार. रविवारी अंतिम सामन्यात आर्कान्सावर 66-57. सुंदियाता गेन्स स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. जॉर्जियाने हा करंडक याआधी जिंकला होता 1983 मध्ये, म्हणजे या संघातली बरीच मुलं जन्मायच्या आधी.

हिशेब बघा : दोन महिन्यांत चार विजय आणि नंतर चार दिवसांत चार विजय. त्यातले दोन एकाच दिवशी.

चारच दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धेत झेव्हियर विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला जॉर्जिया पुढे होता, पण सामना 61-73 असा गेला. मोसमाची बेरीज झाली 17 विजय, 17 पराभव. फेल्टन यांची नोकरी वाचली, पण जानेवारी 2009 पर्यंतच. डोमही दुरुस्त झाला, मग शेजारी नवं स्टेडियम आलं आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सुरुंग लावून जुना डोम काही सेकंदांत पाडून टाकला.

जाता जाता एक गंमत. जॉर्जियाला अमेरिकेत पीच फळाचं राज्य म्हणतात. आणि 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल शोधला तेव्हा चेंडू टाकायला काय टांगलं होतं ठाऊक आहे? पीच ठेवायच्या टोपल्या!