तीन मिलिमीटरचा खुलासा

पनवेलच्या एसटी स्थानकात कोकणच्या गाडीची वाट पाहताना मी आंबा पेयाची बाटली घेतली. पुढे कापलेला, रस गळणारा आंबा. मागे क्रम असा: पाणी, साखर, मग आंब्याचा गर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे आंबा तिसरा. फळपेयात किमान 10 टक्के रस असला की नियमाचे समाधान होते.

"यात फसवणूक कसली? मागे सगळे छापलेलेच असते," असे विक्रेत्यांची बाजू घेणारे म्हणतात. मला हे मान्य नाही. मागचे वाचूनच खरे कळणार असेल, तर पुढचे चित्र कशासाठी? 2018 च्या दावे व जाहिरात नियमांनुसार 'ताजे', 'नैसर्गिक', 'शुद्ध' हे शब्द वाटेल तिथे वापरता येत नाहीत. पण तोच शब्द ब्रँडच्या नावात असला, तर पळवाट आहे. हे केवळ ब्रँडचे नाव आहे, त्यातून पदार्थाचे खरे स्वरूप कळत नाही, एवढा खुलासा निदान तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापला की झाले. स्वतःचे नाव खोटे असल्याची कबुली स्वतःच छापायची आणि तरी त्याच नावावर माल खपवायचा! ही सवलत रद्दच व्हायला हवी.

दुसरा पक्ष घटकांच्या यादीत मिश्रकांचे सांकेतिक आकडे दिसले की घाबरतो. त्याचेही चुकते. 412 म्हणजे गवारीच्या बियांचा गोंद, 440 म्हणजे पेरूतही असणारे पेक्टिन, 500 म्हणजे आपला खाण्याचा सोडा. काही घटकांना प्रमाणाची मर्यादा आहे, ती पाळलीच पाहिजे. पण आकड्यांना सरसकट विष म्हटले, की आकडे नसलेले, साखरेने भरलेले 'नैसर्गिक' पाकीट आपण निर्धास्तपणे मुलांच्या हातात देतो. भांडण आकड्यांशी नाही, विशेषणांशी आहे.

आणि ते जिंकता येते. आटवलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या पेयांवरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये दिलाच ना?

आता प्रश्न भाषेचा. घटकांची यादी इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की नियमाला पुरते, मराठी ऐच्छिक. पनवेलच्या बाजारात आठवड्याचे सामान भरणाऱ्या बाईने ती बारीक इंग्रजी यादी वाचायची कशी? ज्या पाकिटाची जाहिरात मराठीत होते, त्याचे घटकही मराठीतच छापले पाहिजेत.