डोकं त्याचं, पैसा कुणाचा?

२०२४च्या उन्हाळ्यात अकोल्याच्या एका वस्तीत बचत गटाची बैठक चालू होती. एका बाईचे तीन हप्ते थकले होते. शेळ्यांसाठी उचललेले कर्ज नवऱ्याने मोबाइलवर पोकर खेळून घालवले होते. आम्ही नेहमीप्रमाणे जुगाराचे दुष्परिणाम सांगू लागलो. ती मध्येच म्हणाली, "ताई, थो म्हनते हा जुगार नाई, डोक्याचा खेळ आहे. मोठा खेळाडू होईन म्हनते. मंग डोकं त्याचं अन् पैसा माहा कावून?"

हा प्रश्न विचारायला मला एम.एस.डब्ल्यू.च्या कुठल्याच पुस्तकाने शिकवले नव्हते.

तिचा नवरा अगदीच खोटे बोलत नव्हता. पोकर हा काहींचा पेशा आहे, आणि त्यात बायकाही आहेत. २०१८ साली दिल्लीच्या निकिता लुथरने लास व्हेगासच्या जागतिक पोकर मालिकेत जोडीदारासह सांघिक स्पर्धा जिंकली. प्रवेश हजार डॉलरचा, बक्षीस दोघांत मिळून सुमारे पावणेदोन लाख डॉलर. त्याच वर्षी मुस्कान सेठीचा व्यावसायिक पोकरपटू म्हणून राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. पुरुषांच्या या फडात दोघींनी नाव कमावले, याचा मला आनंदच आहे. पत्ते हातात घेणारी बाई वाईट, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण हा पेशा चालतो कसा, ते पाहू या. स्पर्धेत प्रवेशाचे पैसे भरून बसायचे, चिप्स संपल्या की उठायचे. मोठ्या स्पर्धांत साधारण शंभरातल्या पंधरा जणांना काही मिळते. बाकीचे रिकाम्या हाताने परततात. निष्णात खेळाडूही महिनोन्‌महिने हरतो. म्हणून तो खेळाचे भांडवल घरखर्चापासून वेगळे ठेवतो. अनेक जण तर आपल्या संभाव्य बक्षिसातला वाटा आधीच विकतात. पैसा लावणाऱ्याला ठरलेला हिस्सा मिळतो.

आता आपली बाई पाहा. कर्ज तिच्या नावावर, गटातली पत तिची. तिला कुणी विचारले नाही, तिचा वाटा ठरला नाही. जिंकला तर तो खेळाडू, हरला तर हप्ते तिचे! ही भागीदारी नव्हे, लूट आहे.

कायदा मात्र वर्षानुवर्षे एकच वाद घालत बसला : कौशल्य की नशीब? १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पुढे ऑनलाइन कंपन्यांनी हीच ढाल पुढे केली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने हा भेद बाजूला ठेवून पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बरे झाले. पण अमरावतीत आमच्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे मोबाइल येण्याआधीही पत्ते कुटतच होते. बंदीने डाव मोडत नाही, जागा बदलतो.

स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा हक्क उरतो का, असे द्रौपदीने भर सभेत विचारले होते. फासे कसे पडले, हा तिचा प्रश्न नव्हता. हक्क कुणाचा, हा होता.

मैत्रिणींनो, समुपदेशनात आपण व्यसन कसे सुटेल एवढेच विचारतो. त्याआधी विचारू या, पैसा कुणाचा? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईच्या स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणे हा आर्थिक अत्याचार मानला आहे. अंगावर वळ नसले तरी तक्रार होते. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना मोडलेले दागिने, उचललेले कर्ज, थकलेले हप्ते तारखांसह लिहून नेऊ या. आणि हप्ता थकलेल्या बाईला बैठकीत उभे करून लाजवणे आपल्याच गटांत आधी थांबवू या.

अकोल्याच्या त्या बाईला गटाने मुदत वाढवून दिली. नवऱ्याला बैठकीत बोलावले आणि आपल्या मजुरीतून हप्ते फेडीन, असे सर्वांसमोर लिहून घेतले. डोके त्याचे होते; कर्जही त्याचेच ठरले.