चमचा कोणी बदलला?

उपकेंद्रात बाळाला 'अ' जीवनसत्त्वाचे औषध पाजले की आई निर्धास्त होते. टॉनिकच ते, त्याने काय बिघडणार, असा समज आपल्या वस्त्यांत आहे; खरे तर शिकल्यासवरल्या घरांतही आहे.

नोव्हेंबर 2001 मध्ये आसामात या समजाचे पितळ उघडे पडले. युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या मोहिमेत 2 मिलीच्या चमच्याऐवजी 5 मिलीचा प्याला आला. अनेक मुले आजारी पडली, काही दगावली. मृत्यू औषधानेच झाले का, यावर बराच वाद झडला. पण प्याला मुलांच्या आईबापांनी निवडला नव्हता आणि पाजणाऱ्या कार्यकर्तीनेही नव्हता, हे तर खरे ना?

हिशेब साधा आहे. एक मिलीत एक लाख युनिट. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक मिली, पुढे दीड वर्षाच्या सुमारास दोन मिली आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन. एकूण नऊ डोस. 'क' जीवनसत्त्व जास्त झाले तर बहुतांश लघवीवाटे निघून जाते. 'अ' चरबीत विरघळते आणि यकृतात साठते. म्हणूनच एक डोस सहा महिने पुरतो, आणि म्हणूनच जादा डोस अंगाशी येतो: उलट्या, डोकेदुखी, सुस्ती, तान्ह्याची टाळू फुगणे. गरोदर बाईला एवढा मोठा डोस द्यायचाच नसतो, पोटातल्या गर्भाला धोका असतो.

तेव्हा नर्सबाईने आधी कार्ड पाहावे, मागचा डोस कधी दिला ते आईला विचारावे, बाटलीसोबतचा खुणेचा चमचाच वापरावा. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आठ आठवड्यांत ती संपवावी, उन्हात ठेवू नये. हे सारे तिला ठाऊक असते. पण दारात रांग, हातात पाच रजिस्टरे आणि खोक्यात चमचाच नाही, तर तिने काय करावे? बाजारातला चमचा आणावा?

वकील म्हणून मला पुढचे दिसते. काही विपरीत घडले की गुन्हा पहिल्यांदा तिच्यावर. पूर्वी कलम 304-अ होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 106. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, गंभीर असला पाहिजे असे सांगितले, आणि तपास अधिकाऱ्याने आधी तज्ज्ञाचे मत घ्यावे असेही बजावले. तो खटला डॉक्टरांचा होता. एएनएमसाठी तो निकाल वाचून दाखवणारा वकील तालुक्याच्या कोर्टात तिला कोण देणार?

पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, असे संविधानाचे कलम 47 म्हणते. ते कर्तव्य मोजायला खुणेचा चमचा लागतो. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी उपकेंद्रात जावे, चमचा आहे का पाहावे, बाटलीवरची तारीख वाचावी. नसेल तर तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, नर्सबाईशी भांडू नये, आणि पोच घ्यायला विसरू नये.