जेवढा गूळ तेवढं गोड? टकलावरच्या औषधात नाही!

लग्नाच्या मुलाचं कपाळ मोठं होऊ लागलं, की अख्खं घर कामाला लागतं. आई कांद्याचा रस काढते, आत्या जास्वंदीचं तेल पाठवते आणि मित्र कानात एखाद्या गोळीचं नाव सांगतो. गोळी सुरू होते, महिना उलटतो, पण आरसा काही बदलत नाही. मग मुलगा स्वतःच डॉक्टर होतो. एकीऐवजी दोन गोळ्या घेऊ, दोनदा लावायचं औषध चारदा लावू! घोटाळा होतो तो नेमका इथेच.

पुरुषांच्या आनुवंशिक टकलावर आज प्रामुख्याने दोन औषधं दिली जातात. एक लावायचं मिनॉक्सिडिल, दुसरी फिनास्टराइडची गोळी. गंमत म्हणजे दोन्ही केसांसाठी जन्मलेली नाहीत. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा संशोधकांचे डोळे चमकले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याचं २ टक्क्यांचं द्रावण टकलासाठी मंजूर झालं. फिनास्टराइडची ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटच्या वाढीसाठी आली. केसांसाठी तीच १९९७ मध्ये मंजूर झाली, पण डोस फक्त १ मिलिग्रॅम. म्हणजे पाचवा हिस्सा!

एवढासा डोस का पुरतो?

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं. टक्कल ज्यांच्या रक्तात आहे, त्यांच्या केसांची मुळं या डीएचटीमुळे बारीक होत जातात. फिनास्टराइड हे डीएचटी तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांना सहा आठवडे वेगवेगळे डोस दिले गेले. रक्तातलं डीएचटी ०.२ मिलिग्रॅमने सुमारे ६९ टक्के घटलं, १ मिलिग्रॅमने ७१ टक्के आणि ५ मिलिग्रॅमने ७२ टक्के. पाचपट औषध पोटात घालून पदरात पडला जेमतेम एक टक्का! बसच्या सगळ्या सीट भरल्यावर आणखी प्रवासी कोंबले तर गर्दी वाढते, सीट नाही. इथेही तसंच.

उलट, या औषधाला दुसरी बाजूही आहे. १ मिलिग्रॅमच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २.१ टक्के होतं. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर जातो, पण काहींनी तो नंतरही टिकल्याचं सांगितलं आहे. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून केसांसाठी गोळी घेणाऱ्या मुलाचं मन उदास राहू लागलं, तर ‘लग्नाचं टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. गोळी थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्या. त्रास होत असेल तर काही डॉक्टर डोस कमी करतात किंवा दिवसाआड देतात. पण तो निर्णय त्यांचा, मित्राचा नव्हे.

तुकड्यांचा जुगाड

पैसे वाचवायला काही जण प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे करतात. तुकडे कधी सारखे होत नाहीत, आणि खरा धोका वेगळाच आहे. गोळीवरचं आवरण फुटलं की भुकटी हाताला लागते. गरोदर बाईच्या शरीरात ती गेली, तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. त्यामुळे घरात सून गरोदर असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर फुटलेली गोळी तिच्या हाती लागता कामा नये. गोळी घेत असताना, आणि सोडल्यावर महिनाभर, रक्तदानही करू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी करताना डॉक्टरांना या गोळीबद्दल जरूर सांगावं. ती पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर आणते, आणि आजार लपू शकतो.

लावायच्या औषधाचं माप

मिनॉक्सिडिलचं द्रावण पुरुषांनी एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा लावायचं. तेही केसांना नव्हे, कोरड्या टाळूला. ५ टक्क्यांचं द्रावण २ टक्क्यांपेक्षा गुणकारी ठरलं आहे. पण ठरलेलं माप ओलांडलं, तर केसांऐवजी खाज, चक्कर आणि छातीत धडधड वाढण्याचीच शक्यता जास्त. लावल्यावर हात धुवा, टाळू वाळू द्या आणि तोवर तान्ह्या बाळाला कडेवर घेऊ नका. वडिलांच्या डोक्यावरचं औषध लागून बाळाच्या अंगावर लव वाढल्याच्या घटना युरोपात नोंदल्या गेल्या आहेत. हल्ली काही त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिलची गोळीही अगदी कमी डोसात देतात. पण ती शेवटी रक्तदाबाचीच गोळी. केमिस्टकडून परस्पर आणू नये.

खरं औषध धीर

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, आणि गळण्याआधी सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. त्यामुळे मिनॉक्सिडिलचा गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टराइडला वर्षभर द्यावं लागतं. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. जुने केस जाऊन नव्यांना जागा होत असते. नेमके याच वेळी लोक घाबरून डोस वाढवतात किंवा औषध टाकून देतात! त्यापेक्षा महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा. औषध सोडलं की कमावलेले केस काही महिन्यांत जातात, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

बायकांचं गणित निराळं. त्यांनी घरातल्या पुरुषाची गोळी घेऊ नये. आधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावं. बाळंतपणानंतरची केसगळती तर बहुधा आपोआप थांबते.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. त्याने बाशिंग खुशाल बांधावं, पण गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिली असेल तेवढीच घ्यावी!