मानधन नको, मोबदला हवा

‘तुम्ही घरीच असता ना? मग दोन दिवसांत होईल.’

‘फावल्या वेळात एवढं बघून टाका.’

‘घरबसल्या चार पैसे मिळतात, वाईट काय?’

‘मानधन देऊच की काहीतरी.’

पुण्यात राहून मी एकोणीस वर्षं अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. नोकरी नाही, दुकान नाही. एक संगणक, चार कोश, एक टेबल आणि बिलांची वही एवढाच माझा कारखाना. ही चार वाक्यं मी प्रकाशकांकडून ऐकली, जाहिरातवाल्यांकडून ऐकली, सरकारी प्रकल्पांच्या सल्लागारांकडून ऐकली. आणि आपल्याच चळवळीतल्या संस्थांकडूनही ऐकली. म्हणूनच हा लेख इथे, आपल्या अंकात लिहिते आहे. चारही वाक्यं गोड आवाजात म्हटली जातात आणि चारही वाक्यांचं काम एकच असतं, बाईचा दर पाडणं.

आधी ‘घरीच असता’ हे घेऊ. पुरुष घरून काम करायला लागला की घरात एक ऑफिस तयार होतं. २०२० च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनी पाहिलं. बेडरूमचं दार बंद, आत साहेबांची मीटिंग, बाहेर मुलांना ‘आवाज करू नका, बाबांचं काम चाललंय’ अशी तंबी. त्याच घरातली काम करणारी बाई जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर, लॅपटॉप उघडत होती. दाराची बेल तिच्यासाठी, सिलिंडरवाला तिच्यासाठी, शाळेचा ऑनलाइन तास तिच्याच देखरेखीखाली. घर म्हणजे पुरुषाला कामाची जागा होऊ शकते, बाईला मात्र ती कामाची जागा नाही, कारण तिथे ती जे करते ते काम नाहीच असं आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो. मग त्याच घरात तिने अनुवाद केला काय, ब्लाउज शिवले काय किंवा कोणाचे हिशेब लिहिले काय, त्या कामालाही घरकामाचाच वाण लागतो.

आता ‘फावला वेळ’. २०२४ सालच्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. ते काम करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. मुलांची, आजाऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. पावणेपाच तासांहून जास्त वेळ घराला देऊन झाल्यावर जो उरतो तो वेळ बाईने झोपेतून, विश्रांतीतून ओढून काढलेला असतो. त्याला ‘फावला’ म्हणायचं आणि फावला म्हणून स्वस्तात मागायचा, हा कुठला न्याय?

दर कसा ठरतो ते एकदा उघडपणे मांडायला हवं. समजा चार हजार शब्दांची पुस्तिका आहे, शब्दामागे दोन रुपये ठरले. आठ हजार झाले. तीन दिवसांत अनुवाद झाला तर ऐकणाऱ्याला वाटतं, बाई दिवसाला अडीच हजारांच्या वर कमावते! पण चौथा दिवस तपासण्यात जातो. अर्धा दिवस ‘हा परिच्छेद आम्ही बदललाय, तेवढं परत करून द्या’ यात जातो. उरलेला अर्धा दिवस बिल पाठवणं, बिल मिळालं का विचारणं, ‘अकाउंटवाले रजेवर आहेत’ हे ऐकणं, परत फोन करणं यात. म्हणजे पाच दिवस, दिवसाला सोळाशे. त्यातून वीज, इंटरनेट आणि संगणकाची दुरुस्ती वजा करा. काम नसलेले आठवडे वजा करा. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ती नोकरदार बाईला. स्वतंत्र काम करणारी बाई बाळंतीण झाली की तिची आवक त्या दिवशी बंद. हे सगळं त्या दोन रुपयांतूनच भागवायचं असतं. ‘दीड रुपयात करा ना’ म्हणणारा यातलं नेमकं काय कापायला सांगतो आहे, हे त्याला विचारलं पाहिजे.

आणि आता सगळ्यात सभ्य शब्द, ‘मानधन’. या शब्दात मान पुढे असतो आणि धन मागे. किती, कधी, कोणत्या हिशेबाने हे विचारायची सोयच उरत नाही, कारण मानाचा भाव करायचा नसतो! छापखानेवाल्याला कोणी मानधन देत नाही, त्याचं बिल येतं. कागदवाल्याचं बिल येतं. सभागृहाचं भाडं आगाऊ भरावं लागतं. पुस्तिकेतला प्रत्येक शब्द जिने मराठीत आणला तिला मात्र मानधन, तेही कार्यक्रम झाल्यावर, पाकिटात, शालीखाली.

हा शब्द फक्त आमच्यासारख्यांपुरता असता तर इतका संताप आला नसता. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अंगणवाड्या ज्या बायकांनी चालवल्या त्यांना सरकार ‘मानसेवी’ म्हणत आलं. पगार दिला नाही, मानधन दिलं. पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या, सर्वेक्षणं, सगळं त्यांच्या अंगावर. पण वेतनश्रेणी मागितली की उत्तर तयार, तुम्ही कर्मचारी कुठे आहात? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. म्हणजे ज्याला मानधन म्हणत होते ते वेतनच होतं. एवढं ठरायला सेहेचाळीस वर्षं लागली. एका शब्दाने सेहेचाळीस वर्षं काम काम नाही असं ठरवलं!

इथे कोणी म्हणेल, ‘बाई, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या, स्वतःच्या टेबलावर बसणाऱ्या. अंगणवाडी सेविकेशी, विडी वळणारीशी स्वतःची तुलना कशाला करता?’ प्रश्न रास्त आहे. जात, शिक्षण, शहर यांनी मला जे दिलं ते सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला दिलं नाही. मी काम नाकारू शकते, तिची चूल त्याच दिवशीच्या मजुरीवर पेटते. पण युक्ती एकच आहे. तिच्या विड्यांतल्या काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही, माझ्याकडून चौथी दुरुस्ती ‘एवढंसंच तर आहे’ म्हणून फुकट करून घ्यायची. आणि लढाई तिनेच आधी लढली आहे. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटलं, ते संघटनांच्या रेट्यामुळे. अहमदाबादेत १९७२ साली ‘सेवा’ उभी राहिली ती घरी काम करणाऱ्या, फेरीवाल्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांना कामगार म्हणवून घेण्यासाठीच. आम्ही शिकलेल्या बायका मात्र ‘पैशाचं बोलणं बरं दिसत नाही’ या संस्कारात अडकून पडतो. या बाबतीत आपण त्यांच्याकडून शिकायचं आहे, त्यांना शिकवायचं नाही.

कायदा आपल्याही बाजूने थोडा आहे, तो वापरला पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणारा एकट्याचा व्यवसायही बसतो. ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. काम घेण्याआधीच ती करून ठेवावी. नोंदणी असेल तर लेखी करारात काहीही लिहिलं तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं आणि तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. बिलाच्या तळाशी या कायद्याचा उल्लेख करणारी एक ओळ लिहिली की रजेवर गेलेले अकाउंटवाले बरेचदा लवकर परततात. टीडीएस कापला असेल तर तो आपल्या नावावर जमा झाला का, हे करखात्याच्या संकेतस्थळावर दर तीन महिन्यांनी पाहावं. कापला तो आपलाच पैसा असतो.

पण कायद्याने सगळं होत नाही. ४५ दिवसांचा नियम दाखवणाऱ्या बाईला पुढचं काम मिळत नाही, ही भीती खरी आहे. तिच्यावर इलाज एकीचाच. आपण एकमेकींना दर सांगत नाही. मागच्या वेळी दुसरीने किती घेतले हे काम देणाऱ्याला माहीत असतं, आपल्याला नसतं. त्याच्या हातातला सगळ्यात मोठा पत्ता हाच आहे.

शेवटी आपल्या संस्थांबद्दल. ‘निधी नाही’ हे अनेकदा खरं असतं, मला मान्य आहे. चळवळीला आपलं श्रमदान द्यावं, मीही देते. पण दान किती द्यायचं हे देणारीने ठरवायचं असतं. म्हणून माझी पद्धत अशी: बिल पूर्ण रकमेचं करायचं आणि त्याखाली ‘अनुवादिकेची देणगी’ म्हणून जेवढी सोडायची तेवढी वजा करायची. मग संस्थेच्या हिशेबात ते श्रम दिसतात. पुढच्या वेळी निधी देणाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवताना अनुवाद आणि मुद्रितशोधन यांचे वेगळे रकाने येतात. ज्या संस्था घरकामाचं मोल मागतात त्यांच्या अंदाजपत्रकात बाईने घरून केलेल्या कामाला रकाना नसावा, हे शोभत नाही.

मैत्रिणींनो, संपादक मंडळाला माझी थेट सूचना आहे. आपल्या अंकाचा वार्षिक हिशेब छापताना कागद, छपाई आणि टपाल यांच्या शेजारी अनुवाद, टंकलेखन आणि मुद्रितशोधन यांचे दर छापा. जे काम विनामूल्य झालं असेल त्याचीही किंमत लिहा आणि ते कोणी दिलं हे त्या बाईच्या संमतीने सांगा. आणि ‘मानधन’ हा शब्द आपल्या पावत्यांवरून काढून टाका.